शाळेत राजकारण कोण आणतं?



सप्टेंबर महिन्यात मराठवाड्यात भाषण करायचं म्हणजे वक्त्याला फार कष्ट पडत नाहीत. मुक्तिसंग्रामाचं नाव घ्यायचं, रझाकारांचे अत्याचार सांगायचे, चार टाळ्या घ्यायच्या आणि संयोजकांकडे जेवून परतीची एसटी धरायची. आज मी त्यातलं फक्त जेवणाचं कलम पाळणार आहे. ही व्याख्यानमाला एका शिक्षकाच्या स्मरणार्थ चालते, म्हणून शिक्षकांवरच्या एका जुन्या आरोपाबद्दल बोलावं असं ठरवून आलोय. 'हे मास्तर वर्गात राजकारण शिकवतात, पोरं बिघडवतात' हा तो आरोप.

या आरोपाचं वय शंभराच्या पुढे आहे. बंगालमध्ये तो झाला, तळेगावला झाला, तिकडे जावा बेटावर झाला. आणि तुमच्या अंबाजोगाईतल्या शाळेकडेही त्या वेळचं सरकार याच नजरेनं बघत होतं. मला विचारायचंय ते एवढंच, की शाळेत राजकारण आधी कोणी आणलं? आणि ज्यांना ते खुपलं, त्यांनी त्यावर काय केलं?

इथल्या तरुण मंडळींसाठी थोडी पार्श्वभूमी सांगतो, जाणत्यांनी सांभाळून घ्यावं. बीड जिल्हा 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. औरंगाबाद, परभणी, नांदेड, उस्मानाबाद आणि बीड हे संस्थानातले पाच मराठी जिल्हे. तुमच्या गावाचं नाव सरकारी कागदावर मोमिनाबाद, आणि गावात घोडदळाची छावणी. राज्य निजामाचं, पण निजाम तरी कुठे स्वतंत्र होता? 1926 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगनं मीर उस्मान अली खानांना पत्र लिहून साफ कळवलं की सार्वभौम सत्ता ब्रिटिशांची आहे, तुमच्याशी बरोबरीचं बोलणं होणार नाही. म्हणजे ते दुमजली घर होतं. वरच्या मजल्यावर इंग्रज, खालच्या मजल्यावर निजाम, आणि आपण मराठी, तेलुगू, कानडी माणसं अंगणात. म्हणून वसाहतीच्या सरकारचा विषय निघाला की पुण्या-मुंबईचा वक्ता इंग्रजांबद्दल बोलतो. बीडच्या माणसाला दोन्ही मजल्यांबद्दल बोलावं लागतं.

तर शाळेत राजकारण आधी कोणी आणलं? त्या काळची सरकारी शाळा डोळ्यांपुढे आणा. तहतानिया म्हणजे प्राथमिक, वस्तानिया म्हणजे मिडल, फोकानिया म्हणजे हायस्कूल. मुख्याध्यापकाला सदर मुदर्रिस म्हणायचं आणि तपासणीला यायचे ते मोहतमीम तालिमात. खालच्या वर्गांत मराठी चालायची, वर गेलं की सगळं उर्दूतून. घरात मराठी, बाजारात मराठी, कीर्तनात मराठी, आणि पाटीवर त्रिकोण काढला की म्हणायचं मुसल्लस. भूगोलाला जगराफिया, इतिहासाला तारीख. ज्या गावात मुकुंदराजांची समाधी आहे, जिथे दासोपंतांनी आयुष्यभर मराठीत लिहिलं, त्या गावच्या मुलाला वरच्या वर्गात मराठी ही शिकायची भाषा म्हणून मिळत नव्हती. 1931 च्या जनगणनेत संस्थानातल्या शंभर माणसांत जेमतेम पाच जण लिहू-वाचू शकत होते, त्याचं एक कारण इथे आहे. एकच कारण आहे असं मी म्हणत नाही. शाळाच मुळात थोड्या होत्या.

आणि शाळेची प्रार्थना? राज्य अखंड राहो, उस्मान अली खान सुखरूप राहोत, अशी ईश्वराजवळ मागणी करणारं गीत मुलं एका सुरात म्हणत. एका जिवंत राज्यकर्त्याच्या नावानं प्रार्थना! सहा-सात वर्षांच्या पोरानं हात जोडून ती म्हणायची. हे राजकारण नव्हे? पण त्याला कोणी राजकारण म्हटलं नाही. ती शिस्त होती, अदब होती.

इथे एक गोष्ट निजामाच्या बाजूनं सांगितली पाहिजे, नाहीतर मी अर्धवट बोललो असं होईल. 1918 मध्ये स्थापन झालेलं उस्मानिया विद्यापीठ हे साधं प्रकरण नाही. सारा हिंदुस्थान इंग्रजीतून पदव्या घेत होता तेव्हा इथे विज्ञान, कायदा, वैद्यक एका भारतीय भाषेत शिकवायचं ठरलं. त्यासाठी भाषांतराचं वेगळं खातं उघडलं, पुस्तकं तयार करवली. मराठीत आपल्याला ते आजही नीट जमलेलं नाही. वरच्या मजल्यावरच्या इंग्रजाला दिलेलं ते उत्तर होतं, आणि मोठं उत्तर होतं. अडचण एवढीच की ते देताना अंगणातल्या माणसाला कोणी विचारलं नाही. संस्थानात उर्दू मातृभाषा असणारे थोडे. मराठी बोलणारेच लोकसंख्येच्या पावभर होते आणि तेलुगू बोलणारे निम्म्याच्या आसपास. इंग्रजीच्या जोखडातून सोडवणारी भाषा या मुलांच्या मानेवर दुसरं जोखड होऊन बसली.

इंग्रज तरी काय वेगळं करत होते? मुंबई सरकारातले एक बडे अधिकारी विल्यम ली-वॉर्नर यांनी 1897 मध्ये 'द सिटिझन ऑफ इंडिया' नावाचं शाळकरी पुस्तक लिहिलं. ब्रिटिश राज्यामुळे शांतता आली, कायदा आला, रेल्वे आली, तेव्हा चांगल्या नागरिकानं राज्याशी एकनिष्ठ राहावं, असा त्याचा सूर. साल ध्यानात घ्या. त्याच वर्षी पुण्यात प्लेगचा कहर, रँडचा खून आणि टिळकांवर राजद्रोहाचा खटला. बाहेर हे चाललेलं, आणि वर्गात मुलं राजनिष्ठेचा धडा वाचताहेत. मग कोणी म्हणावं की शाळेत राजकारण टिळकांनी आणलं?

आता दुसरी गोष्ट. सरकारच्या राजनिष्ठेच्या धड्याशेजारी कोणी दुसरा धडा ठेवला, की सरकार काय करतं? वाद घालतं का? 'तुमचं हे चुकतं, आमचं हे बरोबर' असं बसून सांगतं का? मी शोधून पाहिलं, मला तसं फारसं आढळलं नाही. सरकार तीन गोष्टी हातात घेतं: परवानगी, अनुदान आणि नोकरी.

1905 मध्ये बंगालची फाळणी झाली, विद्यार्थी रस्त्यावर उतरले. ऑक्टोबरात कार्लाइल परिपत्रक निघालं. मुलांना आवरा, नाहीतर शाळेचं अनुदान जाईल, शिष्यवृत्त्या जातील, विद्यापीठाची मान्यता जाईल. आणि त्यात एक भन्नाट कलम होतं. गडबड झाली तर शिक्षकांना आणि शाळेच्या चालकांना स्पेशल कॉन्स्टेबल म्हणून भरती करून घेऊ, अशी ताकीद. सकाळी ज्या मुलांना गणित शिकवायचं, संध्याकाळी त्यांच्याच मागे दंडुका घेऊन धावायचं! (निवडणुकीची ड्यूटी, जनगणना, सर्वेक्षण, खिचडीचा हिशेब असं सगळं करणारे आपले जिल्हा परिषदेचे गुरुजी इथे हसताहेत. हसा, पण हे तुमचे पूर्वज आहेत.) 1907 मध्ये रिस्ले परिपत्रकानं हाच कित्ता सगळ्या देशाला लागू केला. बंगालनं तर त्याआधीच, कार्लाइल परिपत्रकाला उत्तर म्हणून, आपली राष्ट्रीय शिक्षण परिषद काढली होती.

महाराष्ट्रात विष्णू गोविंद विजापूरकर हे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातले प्राध्यापक. ते राष्ट्रीय शिक्षणाच्या नादी लागले. 1906 मध्ये समर्थ विद्यालय सुरू झालं, ते पुढे तळेगाव दाभाड्याला गेलं. विद्येबरोबर हातांना काम, स्वदेशीची दीक्षा, अंगमेहनत, असा त्याचा थाट. 1909 च्या डिसेंबरात नाशिकला कलेक्टर जॅक्सनचा खून झाला. खून करणारा अनंत कान्हेरे औरंगाबादेत शिकलेला पोरसवदा मुलगा, म्हणजे आपल्याच मुलखाचा. पुढच्याच वर्षी, 1910 मध्ये, समर्थ विद्यालय सरकारनं बंद पाडलं. अनुदान काढून भागणार नव्हतं, कारण ती शाळा सरकारचं अनुदान घेतच नव्हती. ज्या शाळेला सरकारकडून काही नको, तिची सरकारला सगळ्यात जास्त भीती वाटते.

हाच अनुभव डच लोकांनी इंडोनेशियात घेतला. की हजर देवांतारा यांनी 1922 मध्ये योग्यकर्ता इथे 'तमन सिस्वा' ही शाळा काढली, तिच्या शाखा बेटाबेटांवर पसरल्या. डच सरकारचं अनुदान नाही, डच अभ्यासक्रम नाही. 1932 मध्ये सरकारनं फर्मान काढलं की अशी शाळा चालवायला आधी परवाना घ्या. फर्मानाचं नावच जंगली शाळांचा कायदा! देवांतारांनी गव्हर्नर जनरलला तार ठोकली की आम्ही हा हुकूम पाळणार नाही. सगळे पक्ष, सगळ्या संस्था त्यांच्यामागे उभ्या राहिल्या आणि 1933 मध्ये सरकारला पाऊल मागे घ्यावं लागलं.

आपल्याकडे निजाम सरकारनं त्याच्या आधीच, विसाच्या दशकात, खाजगी शाळांवर परवानगीची सक्ती आणली होती. सभेला परवानगी, त्यासाठी कुप्रसिद्ध गश्ती निशाण 53, म्हणजे त्या क्रमांकाचं सरकारी परिपत्रक. आखाड्याला परवानगी. शाळेलाही परवानगी. पण आपल्याला देवांतारांसारखी तार ठोकता आली नाही, हेही कबूल करू. संस्थानात राजकीय पक्ष नव्हता, वर्तमानपत्र काढणं मुश्कील होतं, आणि लोक भ्यालेले होते. मग काय केलं? लोकांनी शाळाच काढल्या. हैदराबादेत केशवराव कोरटकर, वामन नाईक यांच्यासारख्यांनी विवेकवर्धिनी काढली, गुलबर्ग्याला नूतन विद्यालय झालं, औरंगाबादेत सरस्वती भुवन झालं. मराठवाड्यात काँग्रेसच्या आधी शाळा आली. पक्षाचं बरंचसं काम शाळांनी केलं, कारण दुसरं कोणी करायला जागाच सरकारनं ठेवली नव्हती. सभा बंद करा, वृत्तपत्र बंद करा, मग राजकारण जाईल कुठे? दार उघडं असेल तिथेच शिरेल. उघडं दार शाळेचं होतं.

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे येतो, त्यासाठीच आलोय.

1921 मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यातल्या हिप्परगा या खेड्यात राष्ट्रीय शाळा निघाली. तिथे 1929 मध्ये व्यंकटेश खेडगीकर नावाचे तरुण मुख्याध्यापक आले. सोलापूरला शिकताना असहकाराच्या लाटेत सरकारी शाळा सोडलेली, अमळनेरला आणि पुढे टिळक विद्यापीठात शिक्षण, मग मुंबईत कामगार नेते ना. म. जोशींच्या हाताखाली काम. 1930 मध्ये त्यांनी संन्यास घेतला आणि स्वामी रामानंद तीर्थ झाले. संन्यास घेतलेला माणूस हिमालयात जातो. हा माणूस वर्गात गेला. 1935 मध्ये ते सहकाऱ्यांसह अंबाजोगाईला आले आणि योगेश्वरी नूतन विद्यालयाचं काम त्यांनी अंगावर घेतलं.

इथे सूतकताई, व्यायाम, प्रार्थना, शिस्त हे सगळं होतं. मास्तर खादी घालत. मराठी वर्गात होती, नुसती घरात नव्हती. ही शाळा राजकारणापासून अलिप्त होती असं मी म्हणणार नाही, म्हणणं खोटेपणाचं होईल. मुलाच्या मनात देश रुजवायचा हा तिचा हेतूच होता. सरकारचा संशय खरा होता!

पण पुढे बघा. 1937 मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन झालं. 1938 मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होते न होते तोच सप्टेंबरात तिच्यावर बंदी आली. आणि त्या वर्षी स्वामीजींनी काय केलं? शाळा सोडली. मुलं हाताशी होती, मास्तर सोबतीला होते, विद्यालयाच्या आडोशानं चळवळ चालवणं सोपं होतं. ते त्यांनी केलं नाही. शाळेबाहेर पडले, ऑक्टोबरात उघड सत्याग्रह केला आणि तुरुंगात गेले. वर्ग आणि चळवळ यांच्यामधली रेघ कुठे ओढायची, हे सरकारी गश्तीपेक्षा या संन्याशाला जास्त कळत होतं. निजामाच्या कुठल्याही अधिकाऱ्यानं या गोष्टीची कधी दखल घेतली असेल असं मला वाटत नाही. संशयाला असले बारकावे दिसत नाहीत.

त्याच हिवाळ्यात वंदे मातरम् आंदोलन झालं. औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजात आणि हैदराबादेत उस्मानियाच्या वसतिगृहांत मुलं प्रार्थनेच्या वेळी वंदे मातरम् म्हणत. विद्यापीठानं मनाई केली, कारण हे गीत राजकीय आहे. मघाची प्रार्थना आठवा. राजाच्या दीर्घायुष्याची मागणी ही प्रार्थना, आणि मातृभूमीला केलेलं वंदन हे राजकारण! मुलांनी ऐकलं नाही. वसतिगृहातून काढलं, कॉलेजातून काढलं. औरंगाबादेत गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे शिक्षक मुलांच्या पाठीशी राहिले. नाव काढून टाकलेल्या मुलांना दुसरी विद्यापीठं दारात उभं करेनात, तेव्हा नागपूर विद्यापीठानं, कुलगुरू टी. जे. केदार यांनी, त्यांना जागा दिली. संस्थान सोडून बाहेर शिकायला गेलेल्या या पिढीत पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह रावही होते.

सरकारच्या हाती काय लागलं? कॉलेजात राहिली असती तर यातली बरीच मुलं पदवी घेऊन महसूल खात्यात कारकून झाली असती. दौऱ्यावरच्या तालुकदाराला सलाम करत पेन्शनीला लागली असती. त्यांचं नाव कापून सरकारनं त्यांना पूर्णवेळ कार्यकर्ता करून टाकलं. दहा वर्षांनी मुक्तिसंग्रामाच्या सरहद्दीवरच्या कॅम्पांत जी माणसं होती, त्यांतली कितीतरी 1938 च्या त्या हजेरीपत्रकातून गळलेली होती.

हे बीडपुरतं नाही. केनियात 1952 मध्ये आणीबाणी लादताच इंग्रजांनी किकुयू लोकांच्या स्वतंत्र शाळा बंद केल्या. मुलं घरी बसली आणि जंगलातल्या बंडखोरांना मिळणारी माणसं काही कमी झाली नाहीत. हाँगकाँगमध्ये 1967 च्या दंगलींत डाव्या विचारांच्या शाळांवर हेच झालं. जागा बदलते, कागदावरची भाषा बदलते, पण तीन हत्यारं तीच.

आता एक अवघड प्रश्न. कोणी म्हणेल, सरकारी शाळा राजनिष्ठा घोकून घेत होती आणि राष्ट्रीय शाळा देशभक्ती घोकून घेत होती, मग फरक काय? प्रश्न रास्त आहे. याचं उत्तर मी शाळेच्या भिंतीत शोधत नाही, तिच्यातून बाहेर पडलेल्या माणसांत शोधतो. स्वामीजी काँग्रेसचे. हिप्परग्यापासूनचे त्यांचे सहकारी बाबासाहेब परांजपे डावीकडे गेले आणि 1952 च्या पहिल्या लोकसभेवर बीडमधून निवडून गेले ते काँग्रेसच्या विरोधात, पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटकडून. गोविंदभाईंचीही वाट पुढे वेगळी झाली. ज्या माणसांना एका साच्यात घोटलं होतं असं सरकार म्हणत होतं, ती गुरूच्या तोंडावर वेगळं मत मांडून वेगळी झाली आणि तरी एकमेकांना जपत राहिली. घोकंपट्टीतून अशी माणसं निघत नाहीत.

आणि निजामाची शाळा? तिच्याही पोटातून असेच निघाले, ही गंमत मला फार आवडते. मखदूम मोहिउद्दीन उस्मानियातच शिकले, सिटी कॉलेजात शिकवत होते. राजनिष्ठेची सगळी तालीम त्यांना मिळालेली होती. ते कम्युनिस्ट कवी झाले आणि निजामाविरुद्ध उभे राहिले. 'इमरोज'चे संपादक शोएब उल्ला खान यांनी त्याच उर्दूत रझाकारांविरुद्ध लिहिलं आणि 1948 च्या ऑगस्टमध्ये त्यापायी जीव गमावला. उर्दू शिकलेला माणूस निजामाचा झाला, हे समीकरण निजामानं मांडलं होतं. दुर्दैवानं आपल्यातही ते अनेकांनी जसंच्या तसं स्वीकारलं.

शेवटचा मुद्दा यातूनच निघतो, आणि तो सप्टेंबर महिन्यात सहसा कोणी काढत नाही. 17 सप्टेंबर 1948 ला निजामानं शरणागती पत्करली. मराठी मुलाला मराठी शाळा मिळाली, हे व्हायलाच हवं होतं. पण उर्दूतून बी.ए. झालेल्या शिक्षकाचं काय झालं? नववीपर्यंत उर्दूतून शिकलेल्या, आणि आता अचानक दुसऱ्या माध्यमात दहावीला बसायचं आलेल्या मुलाचं काय झालं? त्यात हिंदूही होते, मुसलमानही होते. उस्मानिया विद्यापीठानं उर्दू सोडली आणि तिच्या जागी तेलुगू, मराठी, कानडी आणली असं नाही. इंग्रजी आणली! वरच्या मजल्यावरचा भाडेकरू निघून गेला आणि त्याची भाषा आपण खालच्या मजल्यावर राहायला आणली.

तीस वर्षं चाललेला एक शैक्षणिक प्रयोग आपण चूक-बरोबर न तपासता मोडीत काढला, कारण त्याच्यावर निजामाचं नाव होतं. त्या वेळचे शिक्षक आता राहिलेले नाहीत. पण 1948 मध्ये आठवी-नववीत असलेली माणसं या जिल्ह्यात अजून असतील, नव्वदी ओलांडलेली. केज, धारूर, गेवराई, पाटोदा, कुठेही. त्यांच्याकडे जा. मुक्तिसंग्रामाच्या आठवणी त्यांना सगळे विचारतात. तुम्ही विचारा की वर्ग कोणत्या भाषेत चालायचा, प्रार्थना कोणती होती, आणि माध्यम बदललं त्या वर्षी तुमच्या वर्गातली किती मुलं परत आलीच नाहीत. योगेश्वरीच्या महाविद्यालयात इतिहास शिकणारी मुलं या सभागृहात बसली आहेत असं संयोजकांनी मला सांगितलंय. हे काम त्यांनी या हिवाळ्यात करावं. मला उर्दू वाचता येतं, कागद मिळाले तर मी येईन.

वेळ बराच झाला. प्रश्न असतील तर विचारा, मी बसतो.